तात्यांचा पंप आणि आमच्या चार फटफट्या

पेट्रोल उघड्यावर ठेवलं की उडून जातं. पंपावरच्या गोष्टींचं मात्र उलटं आहे. त्या जितक्या उघड्यावर सांगाव्यात तितक्या साचत जातात! कुठे लग्नाकार्यात दोन जुनी माणसं भेटली, एकाने "तो बारामतीचा पंप आठवतो का हो?" एवढं म्हटलं, की पंगत उठून खरकटं काढेपर्यंत आम्ही तिथेच. एक संपली की दुसरी, दुसरीच्या शेपटीला तिसरी.

मी गुरांचा डॉक्टर. मूळचा कोकणातला. पन्नासच्या दशकात सरकारने मला बारामतीला धाडलं, तेव्हा आमच्या आळीत असा निरोप समारंभ झाला की जणू मी बोटीत बसून विलायतेलाच निघालोय. आणि खोटं कशाला सांगू, मलाही तो परमुलूखच वाटला. भाताऐवजी भाकरी, नारळाऐवजी शेंगदाणा, आणि बोलणं असं की पहिला महिनाभर लोक माझ्याशी भांडतायत की विचारपूस करतायत तेच कळेना.

बारामतीपासून इंदापुरापर्यंतची गुरं माझ्याकडे. त्यासाठी सरकारने एक फटफटी दिली होती. लढाईतून उरलेली, हिरव्या रंगाची, चालू करताना बंदुकीसारखा आवाज काढणारी. तिला पेट्रोल भरायला आमच्या माहितीत एकच पंप. इंदापूर रस्त्याला, कडुलिंबाच्या झाडाखाली. पंप म्हणजे एक उंच लोखंडी खांब, वर काचेची बरणी. हाताने दांडा मागेपुढे ओढला की पेट्रोल बरणीत चढायचं, रेघेपर्यंत आलं की नळीतून गाडीच्या टाकीत सोडायचं. मालक पुण्याला असत. इथे सगळा कारभार तात्यांचा.

तात्या म्हणजे साठीच्या आतबाहेरचे, बारीक, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. डोक्याला मुंडासं, अंगात खाकी कोट. जगात दोन प्रकारची माणसं असतात असं त्यांचं मत होतं: एक लबाड, आणि दुसरी अजून सापडली नाहीत ती!

*

पहिल्या दिवशी मी पंपावर गेलो. फटफटी उभी केली आणि म्हणालो, "टाकी भरा."

तात्यांनी दांड्याला हात लावला नाही. फटफटीभोवती एक फेरी मारली.

"कुनाची?"

"सरकारची."

"मग तुमच्याकडं कशी?"

मी सांगितलं, मी गुरांचा नवा डॉक्टर. तात्यांनी माझ्या चपलांपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. "गाव?"

"रत्नागिरीकडचा."

"म्हंजी हितं तुमाला वळखनारं कुनीच न्हाय."

झाली पंचाईत! शेवटी मी दवाखान्यातून आमच्या शिपायाला बोलावून आणलं. तो तिथलाच, चांगला भरघोस मिशांचा माणूस. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "तात्या, ह्येच आमचं नवं डाक्टर. म्या सोता बगितलंय, काल गाईच्या पोटात हात घातला व्हता त्यांनी."

तात्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग मान तिरकी करून विचारलं,

"आनि तू कोन?"

*

तात्यांचा जसा जगावर विश्वास नव्हता, तसा जगाचा तात्यांवर नव्हता. त्यात पहिला नंबर कळस गावच्या बापूरावांचा.

बापूराव मोठे बागाईतदार. कालव्याचं पाणी, भाजीपाल्याचे मळे, पेरूची बाग. माल पुण्याच्या बाजारात जायचा. त्यांनी हौसेने काळी फटफटी घेतली होती आणि तिला घोड्यासारखी रोज पुसायचे. पण पेट्रोल भरायची वेळ आली की बापूरावांना समोर दरोडेखोर दिसायचा. पेट्रोल बरणीत चढायला लागलं की हा धिप्पाड माणूस खालच्या दगडावर चढायचा आणि एक डोळा मिटून दुसरा रेघेला लावायचा.

"तात्या, फेस हाय. फेस बसू द्या."

फेस बसायचा.

"आता बुडबुडा हाय."

बुडबुडा फुटायचा. मग नळी टाकीत. सगळं उतरलं तरी बापूराव नळी सोडायचे नाहीत. "नळीत ऱ्हायलेलं कुनाचं?" असं म्हणून नळी उंच धरायची, झटकायची, पिळायची. तात्या दात खाऊन म्हणायचे, "बापूराव, पान्हा चोरलाय तिनं. वासरू सोडा!"

एके दिवशी बापूराव घरून पितळी माप घेऊनच आले. दुधाचं माप. म्हणाले, "आज तुमच्या बरणीवर भरोसा न्हाय. ह्या मापानं घालायचं."

मी तिथेच होतो. मला वाटलं, आज तात्या सापडले! पण तात्यांनी ते माप हातात घेतलं, उलटसुलट केलं, बोटाने वाजवलं.

"माप कुनाकडचं?"

"आमच्या सासुरवाडीचं. सासऱ्यानी दिलंय."

"मग न्हाय चालायचं," तात्या म्हणाले आणि माप परत केलं.

"का? का न्हाय चालायचं?"

"तुमच्या सासऱ्यानं ह्याच मापानं दूध घालून दुमजली माडी बांधलीया!"

*

आमच्यातली तिसरी फटफटी इंदापूरच्या अण्णासाहेब वकिलांची. कामं बारामतीच्या कोर्टात असली की यायचे. काळा कोट, तपकिरी टोपी, आणि बोलणं असं की "नमस्कार" म्हटलं तरी त्यात एखादं कलम असावं असं वाटायचं.

तेव्हा मधूनच अफवा उठायची की पेट्रोलमध्ये रॉकेल घालतात. खरं-खोटं कुणालाच ठाऊक नसायचं. पण अण्णासाहेबांनी त्यावर स्वतःची परीक्षा काढली होती. खिशातला पांढरा रुमाल काढायचा, त्यावर पेट्रोलचे थेंब टाकायचे आणि हवेत हलवायचा. पेट्रोल शुद्ध असलं तर उडून जातं आणि रुमाल कोरा राहतो. रॉकेल असलं तर डाग पडतो.

एका बाजारच्या दिवशी त्यांनी अशीच परीक्षा घेतली आणि रुमालावर चांगला रुपयाएवढा डाग राहिला!

अण्णासाहेबांना स्फुरण चढलं. रुमाल उंच धरून ते ओरडले, "हा पुरावा! हा बघा! तात्या, हा डाग कसला?" बाजारची माणसं गोळा झाली. भाजीवाले, गाडीवान, दोन-चार पाव्हणे. जो तो रुमाल बघायला पुढे. "मी विचारतो, हा डाग कसला? आहे उत्तर?"

तात्या पुढे आले, रुमाल नाकाशी धरला. एकदा, दोनदा. मग म्हणाले,

"वकीलसायब, ह्यो रॉकेलचा न्हवं. ह्यो मोगऱ्याच्या तेलाचा डाग हाय. डोस्क्याला लावत्यात त्या."

सगळ्यांच्या माना वकिलांकडे वळल्या. अण्णासाहेबांनी नेमकी तेव्हाच घाम पुसायला टोपी काढली होती. त्यांच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

आणि त्या गर्दीत त्यांचा मेहुणा उभा होता!

*

इंदापुरात तेव्हा एक किराणावाला अडीनडीला पेट्रोलचा डबा ठेवायचा. एकदा पळसदेवच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या वस्तीवर एक म्हैस अडली होती, तिला मोकळी करून परत येताना इंदापूरच्या वेशीशी माझी टाकी कोरडी पडली. फटफटी ढकलत ढकलत मी त्या दुकानात गेलो.

किराणावाल्याने विचारलं, "डॉक्टर कशावरनं?" म्हटलं, हे वारं इथपर्यंत पोचलं तर! मागच्या दारी त्याची म्हैस होती. तिच्या खुरातला काटा काढून दिला तेव्हा त्याने डबा बाहेर आणला. नरसाळं आणलं, आणि त्यातून भरलं पेट्रोल.

दुसऱ्या दिवशी तात्यांकडे गेलो. फटफटी रस्ताभर ठसकत होती, शिंकल्यासारखी. तात्यांनी टाकीचं झाकण उघडलं आणि तसेच थांबले. वाकून वास घेतला. चेहरा असा झाला की घरात कुणी गेल्याचा सांगावा आला असावा.

"इंदापुरात भरलंत न्हवं?"

"थोडंसंच हो तात्या. अडचण होती."

"असू द्या. असू द्या. तितंच जावा आता."

"अहो, पण..."

"न्हाय, मी काय म्हनतोय का? तुमी मोटी मानसं. कुटंबी जावा." त्यांनी तोंड फिरवलं. बरणीला पाठ करून उभे राहिले. मला अगदी अपराध्यासारखं झालं. बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर त्यांनी दांड्याला हात घातला. वर म्हणाले,

"भरतो. पर आदी आतली हळद-मिरची काडून या!"

*

चौथी फटफटी गोऱ्या साहेबाची. कळंबच्या बाजूला साखर कारखान्यावर यंत्रं बसवायला युरोपातून एक फिटर आला होता. तात्या त्याला "जर्मन" म्हणायचे. तो जर्मन नव्हता. त्याने स्वतः तसं सांगितलं, मी मराठीत समजावून सांगितलं. पण तात्या म्हणाले, "जर्मन असता तर त्यानं तरी कबूल केलं असतं का?" मग मीही नाद सोडला.

हा साहेब उंच, तांबडा, आणि आमच्या सगळ्यांहून संशयी! बापूराव माप बघायचे, वकील डाग बघायचे, पण याने कहर केला. टाकीच्या तोंडावर तो एक पिवळसर मऊ चामडं पसरायचा आणि त्यातून पेट्रोल गाळून घ्यायचा. थेंब न् थेंब. पाणी आणि कचरा म्हणे चामड्यावर राहतो.

तात्यांना तो मोठा अपमान वाटला. पंपावर कुजबुज सुरू झाली की हे चामडं कशाचं? गाईचं असलं तर? बापूराव बाह्या सरसावायला लागले. शेवटी मला पुढे केलं. "डॉक्टर, तुमचं खातं हाय. सांगा."

मी चामडं हातात घेतलं. कॉलेजात जेवढं शिकलो होतो तेवढं आठवलं आणि म्हणालो, "मेंढीचं आहे."

"कशावरनं?"

मी "बें" करून दाखवलं नाही, एवढंच.

एके दिवशी मात्र साहेबाला घबाड सापडलं. सगळं पेट्रोल गाळून झाल्यावर चामड्याच्या मध्यभागी एक मेलेली मुंगी निघाली. साहेबाने ती बोटावर घेतली, तात्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "तात्या! हे काय?"

आम्ही सगळे जवळ सरकलो. तात्यांनी चष्मा लावला. मुंगी नीट न्याहाळली. मग चष्मा काढून, घडी करून खिशात ठेवला.

"आमची न्हाय."

"आमची नाही?"

"ही तांबडी हाय. आमच्या पंपावर समद्या काळ्या हायत. ही तुमच्या बंगल्यावरची!"

*

याच साहेबाची एक गोष्ट आणखी आहे. ती हसण्यासारखी आहे की नाही मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंत्रं बसली, कारखान्याचा धूर निघाला, साहेबाचं काम संपलं. मायदेशी परत जाण्याआधी तो शेवटचं पेट्रोल भरायला आला. एवढ्या काळात तो तात्यांकडून मराठी शिकला होता, पण शिकला ते सगळं पंपावरचं: "बास", "सांडू नको", "रेघ बघ", "खोटं बोलू नको". एवढ्या शब्दांवर त्याने आमच्या मुलखात संसार केला!

तात्यांनी मला विचारायला सांगितलं, "तिकडं ह्यांच्या देशात पेट्रोल कोन घालतंय?"

मी मधे दुभाष्या. साहेब म्हणाला, "आमच्या गावातही पंप आहे. एक माणूस आहे. तो भरतो, मी निघतो."

"नाव काय त्येचं?"

साहेबाने विचार केला. "माहीत नाही."

"वळख न्हाय?"

"आहे. मी लहान असल्यापासून तोच भरतो."

तात्यांना काही समजेना. "मग भांडान झालं का?"

"नाही. कधीच नाही."

"माप बघता? वास? गाळून घेता?"

साहेब ओशाळला. "नाही. तिथे कोणी कुणाला काही विचारत नाही."

तात्यांनी नळी खांबाला अडकवली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"डॉक्टर, लई वंगाळ मुलूख दिसतोय. बिचाऱ्याला म्हनावं, सांभाळून ऱ्हा."

*

संशय म्हणाल तर आमच्या घरातही होता. "पेट्रोल भरायला एवढा वेळ लागतो?" हा आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न. मी सांगायचो, बापूराव फेस बसवत होते, वकील रुमाल वाळवत होते. तिला पटायचं नाही. कसं पटावं? मला तरी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

एका संध्याकाळी आम्ही कडुलिंबाखाली बसलो होतो. तात्या माझ्या कानाशी आले. "डॉक्टर, मागं बघू नगा. रस्त्यापलीकडं एक बाई मघाधरनं टेहळतीया. छत्री हाय हातात. वजनमापवाल्यांनी धाडली आसंल."

मी मागे पाहिलं. "अहो तात्या, ती माझी बायको आहे!"

तात्यांच्या तोंडून सवयीने निघालंच, "कशावरनं?"

मी हिला हाक मारली. ही आली. तात्यांनी अदबीने हात जोडले आणि विचारलं, "बाईसायब, ह्ये तुमचं कोन?"

आता हिची पंचाईत! त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ही लाजली, पदर सावरला, माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. छत्रीची दांडी फिरवली.

"बगा!" तात्या विजयी मुद्रेने आमच्याकडे वळले. "वळकतच न्हाईत!"

बापूराव हसायला लागले. वकिलांनी "साक्षीदार फितूर" असं जाहीर केलं. मग मात्र कोकणचं पाणी उसळलं. हिने छत्री मिटली, सरळ तात्यांकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला,

"कोकणातून आले घाट चढून देशावर,
शंकररावांचं नाव घेते पेट्रोलच्या पंपावर!"

पंपावर टाळ्या पडल्या. तात्यांनी मुंडाशाला हात लावून मुजरा केला. म्हणाले, "पटलं! समदं पटलं!" आणि ही चार पावलं गेल्यावर मला बाजूला घेऊन,

"पर शंकरराव तुमीच कशावरनं?"

*

आता शेवटची सांगतो. ती सांगितली की पुढे कुणी बोलत नाही, म्हणून मी ती नेहमी शेवटीच ठेवतो.

उन्हाळ्याचे दिवस होते, टळटळीत दुपार. पंपावर मी, वकील आणि तात्या. लांबून बापूरावांच्या फटफटीचा आवाज आला. आम्हाला चारही फटफट्यांचे आवाज पाठ होते. तात्या उठले, आणि तेवढ्यात आवाज कालव्याच्या पुलाजवळ बंद पडला. थोड्या वेळाने फटफटी दिसली, पण कुणीतरी ढकलत आणत होतं. आणि ते बापूराव नव्हते.

उंच, वाळलेला माणूस. पिकलेले केस, डोक्याला काही नाही. सदरा पुढून रक्ताने भिजलेला. हात कोपरापर्यंत लाल.

"भरा," तो धापा टाकत म्हणाला. "लवकर भरा. टाकी सुकली. दवाखान्यातला डॉक्टर न्यायचाय."

तात्यांनी दांड्याला हात लावला नाही. "फटफटी बापूरावांची हाय."

"व्हय."

"तू कोन?"

"त्येचा भाऊ."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बापूरावांनी याच झाडाखाली बसून आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं, "मला भाऊ न्हाय. मी एकला."

वकिलांनी पुढे होऊन विचारलं, "रक्त कुणाचं?"

"बापूचं."

वकील एक पाऊल मागे आले. मग मोठ्याने म्हणाले, "बापूराव कुठे आहेत?"

"गोट्यात पडलाय. बैलानं मांडी फाडली. बांधलंय, पर रगत थांबंना. अवं, मानूस मरतोय तितं!"

मी विचारलं, "कुठल्या बैलाने?" बापूरावांची गुरं माझ्या हाताखालची.

"तांबड्यानं. डावं शिंग वाकडं हाय, त्यो."

बैल बरोबर होता. पण वकील माझ्या कानात म्हणाले, "डॉक्टर, बैल काय, चोरालाही दिसतो."

तात्यांनी विचारलं, "बापूरावाच्या आईचं नाव काय?"

"सोनाई," तो माणूस म्हणाला.

आम्ही परत एकमेकांकडे पाहिलं. बापूरावांच्या आईचं नाव आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं!

"बापूरावानी आमाला सांगितलंय," तात्या सावकाश म्हणाले, "त्यांना भाऊ न्हाय."

त्या माणसाने फटफटीच्या टाकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हय. त्यो तसंच सांगतो." आणि त्याने फटफटी सोडली. ती मी धरली नसती तर पडली असती. त्याने दोन्ही हात जोडून तात्यांसमोर केले, मनगटाला मनगट लावून.

"माझ्यावर इस्वास नगा ठिवू. मला ह्या झाडाला बांदा. पोलिसाला द्या. फटफटी तुमी न्या, डॉक्टर न्या. कळसच्या शिवंला कुनालाबी इचारा, मळा दावत्याल. पर आत्ता जावा."

तात्यांनी त्या हातांकडे पाहिलं. मग एकदम दांड्याकडे धावले. असा दांडा ओढलेला मी कधी पाहिला नव्हता. बरणी रेघेच्या वर गेली, टाकी भरून पेट्रोल इंजिनावर सांडलं, तरी ते थांबेनात. मी हात धरून थांबवलं.

दवाखान्यातून माणसांचे डॉक्टर उचलले, ते माझ्या मागे बसले, पिशवी पोटाशी धरून. तो माणूस बापूरावांच्या फटफटीवर पुढे. आणि वकील आपल्या फटफटीवर सर्वांत मागे, तो पळू नये म्हणून. तात्या रस्त्याच्या मधोमध उभे होते. वळणापर्यंत मला ते दिसत होते.

बापूराव खरंच गोठ्यात पडले होते. चेहरा चुन्यासारखा. मांडीला एक मुंडासं करकचून बांधलेलं, वरून त्यांच्या बायकोने दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. डॉक्टरांनी तिथेच शीर बांधली, टाके घातले. मी पाय धरून बसलो. माझा जन्म गुरांचे पाय धरण्यात गेला, पण माणसाचा पाय धरायची ती पहिलीच वेळ.

भाऊ आत आला नाही. तो बांधापलीकडे जाऊन उभा राहिला. वहिनींनी सांगितलं ते असं. त्याचं नाव सखाराम. मुंबईला ट्रकवर ड्रायव्हर होता, वडील गेल्यावर वाटणीला म्हणून आला. एका बांधावरून दोघांचं फाटलं. तेव्हापासून शेजारी शेजारी राहून बोलणं नाही, सणावाराला येणं-जाणं नाही. दोघांच्या पोरांनाही ताकीद. त्या दुपारी वहिनींची किंकाळी ऐकून तो बांधावरून उडी मारून आला, बैलाला हुसकून लावलं, स्वतःचं मुंडासं सोडून मांडी बांधली आणि फटफटीला लाथ मारली.

संध्याकाळी बापूरावांनी डोळे उघडले. आम्ही वाकलो. ओठ हलत होते.

"फटफटी कुटं हाय?"

"दारात हाय," वहिनी म्हणाल्या. "गप पडा."

"कुनी चालिवली?"

वहिनींनी बांधाकडे पाहिलं. बांधापलीकडून आवाज आला, "टाकी भरून आनलीया म्हनावं. झाकान काडून बगून घे!"

बापूरावांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर बरेच दिवस बापूराव पंपावर आले नाहीत. पावसाळा सरला. मग एका सकाळी तो ओळखीचा आवाज आला आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. फटफटी सखाराम चालवत होता. मागे बापूराव, निम्मे झालेले, काखेत कुबडी आडवी धरलेली, आणि दुसऱ्या हाताने सखारामच्या कमरेला घट्ट विळखा घातलेला.

फटफटी थांबली. दोघांतला एकही उतरला नाही. तात्यांनी आधी पुढच्याकडे पाहिलं, मग मागच्याकडे.

"बापूराव," त्यांनी विचारलं, "ह्यो कोन?"

बापूरावांनी कडुलिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं. "कुनास ठावं. मला भाऊ न्हाय."

सखाराम टाकीचं झाकण फिरवत होता. त्याने मान वर केली नाही.

"मलाबी न्हाय," तो म्हणाला. "भरा."